पाचवीतल्या मुलीचं टेबल

यादव पगारेंची आणि माझी ओळख आठवड्यातल्या तीन संध्याकाळची. सोमवार, बुधवार, शुक्रवार. नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला एक लाकडाची वखार बंद पडली होती. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडाजी मिस्त्री हौशी लोकांना सुतारकाम शिकवायचे. मिस्त्री सिन्नरकडचे. दिवसभर एका फर्निचरवाल्याकडे राबून संध्याकाळी साडेसहाला सायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधून यायचे. आम्ही शिकणारे आठ-दहा जण. कुणी प्रेसमधले, कुणी रेल्वेतले, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, आणि मी टपाल कचेरीतला कारकून. सुतार कुणालाच व्हायचं नव्हतं. कुणाला देव्हारा करायचा होता, कुणाला रेडिओ ठेवायची फळी. मला तर काहीच करायचं नव्हतं. दिवसभर शिक्के मारून हाताला दुसरं काही काम हवं होतं, एवढंच.

सालं सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर.

पगारे माझ्या शेजारच्या बाकावर असत. प्रेसमध्ये बांधणीच्या कामावर होते. चाळिशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. माणूस अबोल. आणि हात अजिबात वळत नव्हता. करवत चालवायला लागले की पेन्सिलीची रेघ एकीकडे आणि करवत दुसरीकडे. मिस्त्री म्हणायचे, "पगारे, रेघ कुठं चालली आन् तुमी कुठं चालले?" पगारे हसायचे आणि नवी फळी घ्यायचे. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांनी एकेक पाट केला. पगारेंनी नाही केला. पहिल्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना सांगितलं होतं, "मला अभ्यासाचं टेबल करायचंय. मुलीसाठी."

"आधी पाट करा. मग टेबल."

"पाट नको. वेळ लागला तरी चालेल, पण टेबलच."

मुलीचं नाव विशाखा. एरवी न बोलणारा हा माणूस रंधा हातात आला की तिच्याबद्दल बोलायला लागायचा. विशाखा जमिनीवर पालथी पडून लिहिते, त्यानं डोळे बिघडतील, म्हणून टेबल. विशाखा पाचवीत गेली. इंग्रजी सुरू झालं, पण बी आणि डी उलटे काढते. दुधीची भाजी ताटात दिसली की तिच्या पोटात दुखायला लागतं. रात्री पाल दिसली तर बापाला उठवते, आईला नाही, कारण आई हसते. हे सगळं ते हळू आवाजात, फळीकडे बघत सांगायचे. चौथीत तिचा पहिला नंबर थोडक्यात हुकला, तेव्हा त्यांनी आम्हा सुतारकामाच्या सगळ्या वर्गाला शेंगदाण्याची चिक्की आणली होती.

माझी कुंदा विशाखापेक्षा एक वर्षानं पुढे. तिची पाचवीची पुस्तकं मी पगारेंसाठी आणली. कुंदानं खाकी कव्हरं घालून, नाव लिहून नीट ठेवलेली. पगारेंनी हातावरचा भुसा आधी बाकावरच्या जुन्या धोतराच्या फडक्याला पुसला आणि मग तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. आभारही न मानता ते कव्हरांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, संकोची माणूस आहे.

"एकदा आणा की तिला इथं," मी म्हणालो. "टेबल कसं होतंय ते बघेल."

"आणतो. परीक्षा होऊ दे तिची."

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत प्रेसची पाळी सुटल्यावर सायकलवरून घरी जाताना बिटको चौकात पगारे कोसळले. लोकांनी रिक्षात घालून नेलं, पण वाटेतच सगळं आटोपलं होतं. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. शुक्रवार होता. मिस्त्रींनी वर्ग घेतला नाही. त्यांनी पगारेंच्या बाकावरची ढलप्यांची रास झाडली आणि अर्धवट टेबल भिंतीला लावून ठेवलं. चार पाय उभे होते, दोन बाजूंच्या पट्ट्या बसल्या होत्या, वरची फळी अजून यायची होती.

रविवारी मी आणि मिस्त्री त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. खिडकीशी शिलाईचं मशीन, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पगारेंचा फोटो आणि मेणबत्ती. पगारेंची बायको यशोदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगानं काटक, पस्तीस-छत्तीसच्या असतील. रडत नव्हत्या. त्यांचे भाऊ बहिरू सिन्नरहून आले होते, त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं. मिस्त्री म्हणाले, "बाई, आता पोरीकडं बघून घट व्हावं लागंल. लय जीव व्हता त्यांचा पोरीत. कुठं हाय विशाखा?"

यशोदाबाईंनी मान वर केली.

"तिचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

मिस्त्री गोंधळले. "त्येच सांगायचे की. रोज सांगायचे."

"कोण, हे?"

बहिरूभाऊंनी आम्हाला हाताला धरून बाहेर नेलं. पायरीवर उभं राहून म्हणाले, "ती पोर त्र्याहत्तर सालीच गेली. घटसर्प झाला होता. साडेपाच वर्षांची होती. दुसरं मूल नाही त्यांना."

मिस्त्री त्या पायरीवरच बसले. मला आठवतं, परत जाताना ते सायकलवर बसलेच नाहीत. हातात धरून चालत राहिले आणि मी त्यांच्याबरोबर. द्वारका चौकाकडे जाणारा रस्ता आला तेव्हा म्हणाले, "चिक्की खाल्ली आपण."

महिन्याभरानं, बुधवारी, यशोदाबाई शेडमध्ये आल्या. आम्ही सगळे काम सोडून उभे राहिलो. त्यांनी पिशवीतून खाकी कव्हरांचा गठ्ठा काढला.

"ही कुंदा कोण?"

"माझी मुलगी," मी म्हणालो.

"ह्यांच्या ट्रंकेत तळाशी सापडली. पाचवीची पुस्तकं, परक्या मुलीचं नाव." त्यांनी गठ्ठा बाकावर ठेवला. "महिनाभर मी काय काय मनात आणलं, ते माझं मलाच माहीत. म्हटलं, कुठं दुसरं घर होतं का ह्यांचं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या उभ्या राहूनच ऐकत होत्या. डॉक्टरांनी स्टूल पुढे केलं, त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही.

"पाचवीत?"

"हो."

"म्हणजे चौथी पास झाली?"

"पहिला नंबर थोडक्यात हुकला, म्हणाले होते."

यशोदाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या हसत होत्या की काय होत होतं, मला सांगता येणार नाही.

मिस्त्रींनी भिंतीशी ठेवलेलं टेबल पुढे आणलं. बाई शिवणकाम करणाऱ्या, डोळ्यांत माप. त्यांनी पायाच्या टोकापासून वरपर्यंत वितीनं मोजलं, मग आपला तळहात हवेत जरा वर धरला, जणू तिथं कुणाचं तरी डोकं आहे.

"हे लहान पोरीचं नाही," त्या म्हणाल्या. "दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं आहे." आणि हात खाली घेत, "मी तिला तिथंच ठेवली, भाऊ. साडेपाच वर्षांची. डोळ्यांपुढे तोच पिवळा फ्रॉक. ह्यांनी वाढवली तिला."

मग मिस्त्री म्हणाले, "ताई, दोन दिवसांत पुरं करतो आन् घरी पोचवतो. तुमी काळजी करू नका."

"नको. मला शिकवा. मी करते."

"ताई, हे बायामाणसांचं काम नाय. पटाशीची धार लागती हाताला."

"सुई बोटातून आरपार गेलीय माझ्या. दोनदा."

पुढच्या सोमवारपासून त्या यायला लागल्या. पदर खोचून पगारेंच्याच बाकावर उभ्या राहायच्या. पहिल्या आठवड्यात रंध्यानं तळहाताला फोड आले, दुसऱ्या आठवड्यात ते फुटले, तिसऱ्यात हात बसला. नवऱ्याच्या उलट, त्यांची करवत रेघेवरून केसभरही हलायची नाही. मिस्त्री मला हळूच म्हणाले, "रंगनाथराव, हे हात दहा वरसं आधी मिळाले असते तर..."

काम करता करता त्या विचारायच्या. आधी मला, मग इतरांनाही. "काय म्हणायचे तिच्याबद्दल?" आम्ही आठवून आठवून सांगायचो. पालीचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "पालीला नाही, झुरळाला भ्यायची. पण बापालाच उठवायची, ते खरं आहे." दुधीचं खरं होतं. बी आणि डी कुठून आले असतील? त्यावर विचार करून म्हणाल्या, "पाटीवर तीनचा आकडा उलटा काढायची. तो असणार." अशी त्यांची वर्गवारी चालायची. अमुक खरं, तमुक त्या खऱ्यातून पुढे वाढवलेलं. वाढवलेलं सांगितलं की त्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या. "सायकल शिकतेय म्हणाले? कधी?" "पावसाळ्यानंतर म्हणाले होते." "पडली का?" "गुडघा फुटला म्हणाले." आणि त्या खरोखर काळजीत पडल्यासारख्या दिसायच्या.

एका संध्याकाळी मात्र उलटंच झालं. पट्टीत खाच पाडायचं काम चाललं होतं. डॉक्टरांनी सहज सांगितलं की पगारे एकदा म्हणाले, विशाखाची आई तिच्या वेण्या फार घट्ट घालते. यशोदाबाईंचा हात थांबला.

"मी कुठं आहे वेण्या घालायला?" त्या म्हणाल्या. "तुम्हा परक्या लोकांपाशी ह्यांचं तोंड उघडत होतं. घरात मी होते ना? मी काय भिंत होते? पाच वर्षं मी मोरीत नळ सोडून रडले, ह्यांना आवाज जाऊ नये म्हणून. आणि हे इथं वेण्यांच्या गोष्टी सांगत होते!"

असं म्हणून त्यांनी पटाशीवर हातोडा मारला तो असा, की पट्टी टोकापर्यंत उभी चिरली. ती पट्टी पगारेंच्या हातची होती. बाजूंच्या दोन पट्ट्यांपैकी एक, वाकडी, पण त्यांनी स्वतः केलेली. यशोदाबाई त्या चिरेकडे बघत राहिल्या. भुशात बसून त्या ओक्साबोक्शी रडल्या. नवरा गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मिस्त्रींनी घाई केली नाही. चुलीवर लाकूड चिकटवायचा सरस गरम केला, पट्टीच्या चिरेत भरला, शिकंज्यात आवळून ठेवला. "जुडंल," म्हणाले. "रेघ दिसंल, पण जुडंल."

त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. रस्त्यात त्यांनी आपण होऊन सांगितलं. डिसेंबरात विशाखाचा घसा धरला होता. गुरुवारी अंगात ताप होता. यशोदाबाई म्हणाल्या, दवाखान्यात नेऊ. पगारेंची दुसरी पाळी होती. ते म्हणाले, थंडीचा घसा आहे, मिठाच्या गुळण्या दे, उद्या बघू. शुक्रवारी ताप जरा उतरल्यासारखा वाटला. शनिवारी पहाटे तिची मान सुजली आणि श्वासाला शिट्टी वाजायला लागली. टांग्यातून नेलं. दुपारपर्यंत होती.

"तिला पोचवून घरी आलो," यशोदाबाई म्हणाल्या, "आणि उंबऱ्यावरच मी ह्यांना म्हणाले, 'तुम्ही म्हणालात उद्या बघू.' एवढंच. परत कधी म्हणाले नाही. भांडलेही नाही. पण त्यानंतर ह्यांनी घरात तिचं नाव घेतलं नाही. पाटी, कपडे, सगळं बांधून माळ्यावर टाकलं. मी म्हटलं, दगड आहे हा माणूस. पोरीला विसरला. मीच म्हणाले होते ते वाक्य, आणि मीच विसरले, भाऊ. ह्यांच्या ते लक्षात राहिलं असेल, असं माझ्या मनातच आलं नाही."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही आई होता. तोंडातून निघून गेलं."

"निघून गेलं ना. मग परत कुठं येतं?"

त्यांचं विचारणं चालूच राहिलं. पण पगारेंनी सांगितलेलं काही अथांग नव्हतं. दीड वर्षातल्या संध्याकाळच्या गप्पा त्या, किती पुरणार? ऐंशी साल उजाडेपर्यंत बहुतेक सगळं सांगून झालं होतं. एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "आणखी काही?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवेना. मी म्हणालो, "शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणं म्हटलं, असं सांगत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

त्यांनी पॉलिश कागद खाली ठेवला.

"हे ह्यांनी सांगितलेलं नाही."

मी खाली बघितलं.

"आमच्या घराण्यात कुणाला सूर नाही. गाण्याचं असं काही ते कधी सांगायचे नाहीत. तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात, मला कळतंय. पण असं करू नका. आता मला ह्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं, याची शंका यायला लागेल." मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "संपलं का सगळं?"

"संपलं, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि कागद उचलून फळी घासत राहिल्या. त्यानंतर त्यांनी कधीही काही विचारलं नाही. आयुष्यात मी जी काही वाईट कामं केली असतील, त्यात ते एक गाणं मी वरच्या बाजूला ठेवतो.

एप्रिलमध्ये टेबल पुरं झालं. वरची फळी यशोदाबाईंनी जुन्या दाराच्या सागवानातून काढली होती, आरशासारखी सपाट. खणही त्यांनीच केला, एका बोटानं ढकलला तर आत जायचा. खालचे पाय मात्र पगारेंचे. त्यातला एक जरासा आखूड. मिस्त्री म्हणाले, खाली चकती लावू. त्या म्हणाल्या, "नको. डुलू दे." हातगाडीवर घालून आम्ही ते घरी नेलं. ठेवायला जागा नव्हती, म्हणून मशीन सरकवलं. शेजारणी बघायला आल्या. एक जण म्हणाली, "छान झालंय, पण आता बसणार कोण?" यशोदाबाईंनी तिला चहा दिला.

काम संपल्यावर त्या वर्गाला आल्या नाहीत. मिस्त्रींना वाटत होतं, येतील. त्यांच्यासाठी आंब्याच्या चार चांगल्या फळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. एकदा घरी जाऊन विचारूनही आले. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, शिकायचं होतं ते शिकले. आता हत्यार हातात धरलं की नुसतं लाकूडच दिसतं." ब्याऐंशी साली वखारीची जागा विकली गेली, शेड पाडली, वर्ग बंद झाला. मिस्त्री सिन्नरला परत गेले. दोन वर्षांनी यशोदाबाईही भावाकडे सिन्नरला राहायला गेल्या.

शहाऐंशीच्या मे महिन्यात कुंदाच्या स्थळाच्या निमित्तानं मी सिन्नरला गेलो, तेव्हा त्यांना भेटून आलो. केस पांढरे झाले होते. मशीन चालू होतं. टेबलावर शिवून झालेल्या ब्लाउजच्या घड्या होत्या. मी कशासाठी आलो ते सांगायचं टाळत होतो, पण त्यांनी विचारलंच.

"कुंदा एकोणीसची झाली ना? मग बघायलाच हवं. वेळेवर झालेलं बरं." मशीनचं चाक त्यांनी हातानं थांबवलं. "भाऊ, मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. पोर गेली, ते कुणाच्या हातात नव्हतं म्हणा, होतं म्हणा. पण पाच वर्षं आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसायचो. मी एकदा तरी विचारायचं होतं, तुम्हाला तिची आठवण येते का? ते बोलले असते. बोलले असतेच. इतकं सगळं होतं त्यांच्यापाशी."

बसची वेळ झाली होती. त्यांनी कुंदासाठी एक ब्लाउजपीस हातात ठेवलं आणि दारापर्यंत आल्या.

पुढच्या पौषात बहिरूभाऊंचं कार्ड आलं. कचेरीत टपालाची वर्गवारी करताना माझ्याच हाताला लागलं, तिथंच उभ्यानं वाचलं. यशोदाबाई गेल्या होत्या, न्यूमोनियाचं निमित्त झालं होतं. रविवारी मी सिन्नरला गेलो. मिस्त्री माझ्या आधीच येऊन ओट्यावर बसले होते. बहिरूभाऊंनी पाणी दिलं. म्हणाले, शेवटचे दोन दिवस ताप डोक्यात गेला होता, शुद्ध नव्हती.

"कुणाशी बोलत होत्या का?" मिस्त्रींनी विचारलं.

"दाजींशी. सारखी एकच गोष्ट. 'बोला ना. मी काही म्हणणार नाही, तुम्ही बोला ना.' रात्रभर तेच."

"मग?"

बहिरूभाऊंनी तांब्या उचलला.

"मग काय. थकली."